सोसायटीचा ग्रुप: लॅबचं पिल्लू घ्यायचंय, चांगला ब्रीडर सुचवा

बी-४०२: मंडळी, सल्ला हवाय. लेकीचा दोन वर्षांचा हट्ट, शेवटी आम्ही हो म्हटलं. लॅब्रॅडॉरचं पिल्लू घ्यायचंय. कुणाच्या ओळखीचा चांगला ब्रीडर आहे का?

ए-१०३: विकत कशाला? बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये जाऊन बघा ना आधी.

बी-४०२: ताई, मनात आलं होतं. पण मुलगी आठ वर्षांची आहे. शेल्टरमधल्या कुत्र्याने आधी काय सोसलंय, कशाला बिथरेल, काय सांगावं? पिल्लू निदान आपल्या हाताखाली वाढतं.

सी-२०१: बरोबर. लॅब म्हणजे खात्रीचा माल.

ए-१०३: माल??

सी-६०१: खात्रीचं मी सांगतो. आमचा लॅब बारा वर्षं जगला, त्यातली शेवटची चार वर्षं मागचे पाय ओढत. हिप डिस्प्लेसिया. खुब्याचा सांधा नीट बसलेला नसतो, आणि तो दोष बराचसा आईबापांकडून येतो. पिल्लू घेताना त्यांच्या सांध्यांचे एक्स-रे मागायचे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर खाण्याचा हावरा. पुढे वाचलं की केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये लॅब्रॅडॉरमधला एक जनुकीय बदल सापडलाय. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये असतो. पोट भरल्याचा निरोपच मेंदूला नीट पोचत नाही. आम्ही उगाच रागवायचो त्याला.

बी-४०२: बापरे काका, हे माहीत नव्हतं.

डी-१०२: उद्या १० ते १२ पाणी बंद. टाकी धुणार आहेत.

बी-३०५: मी यावर सहसा बोलत नाही, पण आता लिहितेच. आम्ही पिल्लू आणलं होतं ते फोटो बघून. विकणारा म्हणाला, दोन महिन्यांचं आहे, घरी बोलावण्याऐवजी अर्ध्या रस्त्यात आणून देतो. आम्हाला ती सोय वाटली! आई बघितलीच नाही. चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताची शी. पार्व्हो, कुत्र्यांचा विषाणूमुळे होणारा आजार. डॉक्टरांनी तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाल्या, हे जेमतेम पाच आठवड्यांचं आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात आलेले असतात, याची दाढ अजून फुटतच होती. पिल्लू वाचलं नाही. पार्व्होचा विषाणू घरात, मातीत महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाइलने मरत नाही. फरशी ब्लीचने धुतली, गाद्या टाकून दिल्या. पूर्ण लसीकरण न झालेलं पिल्लू आता इतक्यात घरात आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लस झालेलं मोठं कुत्रं चालेल म्हणाल्या. म्हणून शेल्टरमध्ये गेलो. प्राणिप्रेम वगैरे नंतरचं.

बी-४०२: वहिनी, वाईट वाटलं वाचून. तुमची आत्ताची ती करडी, तीच का शेल्टरमधली?

बी-३०५: तीच. तीन वर्षांची होती आणली तेव्हा. आणि ते हाताखाली वाढण्याचं म्हणाल, तर कुत्र्याचा स्वभाव घडण्याचा मुख्य काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्यापर्यंत. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. म्हणजे तुमच्या हातात येईपर्यंत त्यातले पाच आठवडे ब्रीडरकडेच गेलेले. तिथे ते माणसांत होतं की पिंजऱ्यात, हे तुम्हाला कुठे दिसतं? मोठ्या कुत्र्यात जे काय झालंय ते निदान समोर दिसतं.

ए-१०३: तरी शेल्टरमध्ये पहिल्या भेटीत सगळं दिसतं असं नाही हं. मी दर आठवड्याला जाते तिथे. पिंजऱ्यात भुंकून डोकं उठवणारा बाहेर फिरायला नेला की गरीब गाय होतो, आणि कोपऱ्यात शांत बसलेला कधी कधी नुसता घाबरून थिजलेला असतो. लेकीला घेऊन दोन-तीनदा जा. फोस्टर म्हणून काही आठवडे घरी देतात का विचारा. तिथे कुत्री सांभाळणाऱ्या मुलांना विचारा, लहान मुलांशी कसा आहे, ताटलीला हात लावला तर गुरगुरतो का. गोड बोलून गळ्यात मारणारं शेल्टरही असतं, तिथून निघून या.

सी-२०१: म्हणजे ब्रीडर सगळे वाईटच का?

सी-६०१: नाही हो. चांगला ब्रीडर पिल्लं आईजवळच दाखवतो, आईबापांचे रिपोर्ट पुढे ठेवतो, आणि तुम्हालाच शंभर प्रश्न विचारतो. नाही जमलं तर कुत्रा परत माझ्याकडेच आणा म्हणतो. असा भेटला तर जरूर घ्या. मला भेटला नाही.

बी-४०२: रविवारी शेल्टरला जातोय तिघं. लॅबचं अजून डोक्यातून गेलेलं नाही, खोटं कशाला बोलू. लेकीने वहीत प्रश्न लिहून काढलेत. पहिलाच प्रश्न: तो रात्री कुणाजवळ झोपतो?

बी-३०५: लिफ्टचंही विचारायला सांगा तिला. आमची पहिले पंधरा दिवस लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार नव्हती. तिसरा मजला, दिवसातून चार वेळा.

सी-६०१: तरीच तुम्ही जिन्यात दिसायचात. मला वाटलं वजन कमी करताय.