वाघाच्या पिंजऱ्याआधी आपली कचऱ्याची बादली बघा!

पाणचक्कीवाला: रविवारी भाचीला घेऊन संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात गेलो होतो. सांबराच्या जाळीतून एका गृहस्थाने वेफर्सची रिकामी पुडी आत सरकवली. खारट चव लागली की जनावर प्लास्टिकही चघळतं, अन् मग ते पोटात गोळा होऊन बसतं. टोकलं, तर म्हणतो, "महापालिकेचा माणूस उचलंल की!" माझं मत: प्राण्यांची लीद, पालापाचोळा तिथंच खड्ड्यात जिरवावा, हौदाचं पाणी झाडांना द्यावं. पण हे मागायचा हक्क ज्याच्या घरी ओला-सुका कचरा वेगळा होतो, पाणी शुद्ध करायच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत धरलं जातं, त्यालाच. 2018 ला, शहराचा कचरा जिथं टाकत होते त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा चौकाचौकात ढीग लागले होते. विसरलो एवढ्यात?

जालनेकर: हक्काचं काय काढलंत? घरपट्टी भरतो, तोच हक्क. माझी बादली कशी का असेना, प्राणिसंग्रहालय नीट चालायलाच पाहिजे. उद्या दवाखान्यात जायच्या आधी माझ्या घरी झाडू मारलाय का हेही विचाराल!

लातूरचा_पाव्हणा: 2016 ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. घागरीची रांग आम्ही बघितलीय. अन् त्याच जिल्ह्यात ऊस! आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून मराठवाडा वाचत नसतो, मालक. मोठ्यांना हात लावायची हिंमत नाही म्हणून बायकांच्या मोरीत डोकवायलाव तुम्ही.

गुरांचा_डॉक्टर: ऊस बरोबर, पण धाग्याचा विषय तो नाही. पाणचक्कीवाले, तुमच्या खड्ड्यात एक घोळ आहे. हरीण-नीलगायीची लीद चालते. वाघ-बिबट्याची विष्ठा त्यात टाकू नका. जंतांची अंडी असतात, ढीग आतून नीट तापला नाही तर ती मरत नाहीत. असलं खत भाजीपाल्याला तर नकोच. अन् पिण्याच्या हौदाचं पाणी वेगळं, फिनेलनं धुतलेल्या पिंजऱ्याचं वेगळं. दोन्ही एकाच पाटात सोडलंत तर झाडं जळतील.

पाणचक्कीवाला: विष्ठेचं मान्य, माझी चूक. जालनेकर, दवाखान्याचा दाखला बसत नाही. दवाखान्यात रोग आपण मुद्दाम नेऊन टाकत नाही, पुडी मात्र आपणच टाकतो. लातूरकर, मोरीत मीच असतो, भांडी माझ्याकडंच आहेत. 😄

जालनेकर: मग दारावरच पुड्या काढून घ्या, बाटलीला दहा रुपये अनामत ठेवा. त्याला माझी बादली कशाला तपासायला पाहिजे?

लातूरचा_पाव्हणा: अनामत पटली. बरं डॉक्टर, विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या हिनं गच्चीवर खताचा ड्रम केलाय. अळ्या झाल्या. आई म्हणते, आत्ताच्या आत्ता फेकून दे.

गुरांचा_डॉक्टर: अळ्या राहू द्या, त्या खत करायला मदतच करतात. वास मारत असेल तर ओलं जास्त झालंय. मूठ-दोन मूठ वाळला पाला टाका, वर-खाली करा. शिळं कालवण मात्र त्यात ओतू नका.

लातूरचा_पाव्हणा: तेच ओतलं होतं.