मदत हवी आहे: दगड कोबाल्टाइट (कोबाल्ट-आर्सेनिकचं खनिज) आहे की आर्सेनोपायराइट (लोखंड-आर्सेनिकचं खनिज)?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. मामा राजस्थानात खेतडीच्या तांब्याच्या खाणीवर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत एक धातूसारखा चकाकणारा दगड सापडला. चांदीसारखा पांढरा, पण उन्हात धरला की किंचित गुलाबी झाक. पायराइट नक्की नाही. तो पितळेसारखा पिवळा असतो.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन १२२ ग्रॅम. दोऱ्याला बांधून पाण्यात लटकवला तर २० ग्रॅम पाणी सरलं, म्हणजे घनता ६.१ च्या आसपास. इथेच घोडं अडलंय. कोबाल्टाइटची ६.३, आर्सेनोपायराइटची ६.१, आणि आमचा काटा भाजी मोजायचा! फरशीच्या खरखरीत पाठीवर घासलं तर करडी-काळी रेघ, तीही दोघांची सारखीच. कडकपणाही जवळपास सारखा.

एका भेगेत मात्र गुलाबी भुकटी आहे. कोबाल्टचं खनिज हवापाण्याने झिजलं की एरिथ्राइट तयार होतं, ते असंच दिसतं. पण कोबाल्ट मिसळलेल्या आर्सेनोपायराइटवरही ते येऊ शकतं ना? खेतडीच्या पट्ट्यात दोन्ही मिळतात. जयपूरचे मीनाकार निळ्या रंगासाठी तिथलंच कोबाल्टचं खनिज वापरायचे, त्याला 'सेहता' म्हणत.

न फोडता ओळख कशी पटवायची? सराफाकडच्या कॅरेट मशीनवर कोबाल्ट, लोखंड, आर्सेनिक वेगवेगळं दिसेल का? दोन्हींत आर्सेनिक असल्याने तापवून बघा असं कृपया सुचवू नका, घरात लहान मुलं आहेत. सध्या तो बरणीत बंद करून माळ्यावर ठेवलाय.