पाचारण (देवाने फादर व्हायला बोलावणं) एका रात्रीत कळतं? त्या पोस्टला उत्तर

निर्मळकर
परवा इथे कुणी लिहिलं होतं, "भाचा इंजिनिअर झाला, घरात एकुलता एक मुलगा, आणि डोमिनिकन या कॅथलिक संन्यासी संघाच्या पाचारण शिबिरांना जातो. विचारलं की म्हणतो अजून बघतोय. पाचारण खरं असेल तर एका रात्रीत कळतं. आणि फादरच व्हायचं तर आपला वसई धर्मप्रांत (बिशपच्या हाताखालचा इथला चर्चचा विभाग) काय वाईट आहे? आईबापाजवळ तरी राहील." वाचून इतका राग आला की सविस्तर लिहितोय.

एका रात्रीत कळत असतं तर संघाने एवढ्या पायऱ्या केल्याच नसत्या. आधी संघाच्या घरात राहून बघायचं, मग नोव्हिशिएट म्हणजे वर्षभराची उमेदवारी, मग निदान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतर आजन्म व्रत. नोव्हिस म्हणजे तो उमेदवार कधीही घरी परत जाऊ शकतो, संघही त्याला परत पाठवू शकतो. चर्चच्या कायद्यात, कॅनन लॉमध्येच तसं आहे. शिवाय पोराला पुढे घ्यायचं की नाही यावर डोमिनिकन बंधू मतदान करतात. म्हणजे तो बघतोय तसे तेही त्याला बघतायत. घरी खोलीत बसून कितीही रोझरी म्हटली तरी हे कळायचं नाही. पहाटे सगळ्यांबरोबर स्तोत्रं म्हणायची, ज्याच्याशी पटत नाही त्याच्याच शेजारी जेवायला बसायचं, तेव्हा हळूहळू कळतं.

घराजवळ राहायचं म्हणाल तर हा संघ काढणाऱ्या संत डॉमिनिकने १२१७ साली काय केलं बघा. पोपची मान्यता मिळून वर्षही झालं नव्हतं, बंधू जेमतेम सोळाएक. सगळ्यांचा विरोध असताना त्याने त्यांना पॅरिसला, स्पेनला पांगवलं. प्रवचनासाठी निघालेला संघ आहे हा. धर्मप्रांताचे फादर थोरच आहेत, पण ते पाचारण वेगळं.

वाडीवाला
ती पोस्ट माझी. डॉमिनिक मला शिकवू नका. मेव्हण्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. बहिणीचे गुडघे गेलेत. केळीची वाडी बघायला माणूस नाही. पोरगा म्हणणार मी संघात, नागपूरला चाललो. चौथी आज्ञा कुठे गेली? आईबापाचा मान राखायचा तो काय पत्र पाठवून?

पापडीचा जुना
प्रवचनाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. हा संघ प्रवचनकारांचा, पण मराठीत प्रवचन करणारे कुठे आहेत? पोरं सगळं धर्मशास्त्र इंग्रजीत शिकतात आणि मग वेदीवरून अडखळतात. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सनी १६१६ साली मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं. आज आमच्या म्हाताऱ्यांना रविवारचं प्रवचन समजत नाही.

निर्मळकर
मुद्दा खरा आहे, पण वेगळा धागा काढा. इथे एका मुलाच्या आयुष्याचं चाललंय.

आगाशीची लेक
वाडीवाले काका, "एकुलता एक मुलगा" म्हणालात. मुलगी आहे ना त्या घरात? तुमच्या जुन्या पोस्टींत भाचीच्या लग्नाचं वाचलं होतं.

माझा भाऊ फादर आहे. त्याच्या दीक्षेला अख्खा गाव जेवला, आईला शाल दिली. मग आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला उठवणं, न्हाऊ घालणं, रात्री कूस बदलणं मी केलं, सासर सांभाळून. अंत्यविधीला सगळे "फादरची आई गेली" म्हणत होते. भावाबद्दल माझी तक्रार नाही, तो चांगला धर्मगुरू आहे. पण मुलगा देवाला दिला म्हणून घराचा मान वाढतो आणि त्याची किंमत मुलगी मोजते, हे कुठल्याच पाचारण शिबिरात कुणी सांगत नाही.

वाडीवाला
भाचीचं सासर नाशिकला. तिला मध्ये आणू नका. मुलीने सासर सोडून माहेर सांभाळायचं का?

आगाशीची लेक
मी कुठे तसं म्हटलं? मी म्हणतेय, मोजताना तिला मोजा. तुम्ही लिहिताना ती नाहीच असं लिहिलंत. आणि मुलगा दुबईला नोकरीला गेला असता तर चौथी आज्ञा काढली असतीत? आपल्या गावातले किती गेले!

वाडीवाला
दुबईचा पोरगा पैसे पाठवतो. गरिबीचं व्रत घेतलेला काय पाठवणार? आवाज चढवून प्रश्न सुटत नाही, बाई.

परतलेला
मी नोव्हिशिएटमधून परत आलो. त्यांनीही सांगितलं, मलाही उमगलं होतं. तिथून वाईट मनाने निघालो नाही, वाईट वाटलं ते गावात. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गेलो की बायका आईला विचारायच्या, "काय केलं पोराने?" आईने मागच्या बाकावर बसायला सुरुवात केली. काका, "एका रात्रीत कळतं" हे वाक्य म्हणूनच वाईट. ते खरं धरलं तर परत आलेला प्रत्येकजण खोटा ठरतो, आणि त्या भीतीने काहीजण नको त्या जागी थांबून राहतात. मला ते वर्ष वाया गेलं असं वाटत नाही.

पण आईबापांबद्दल निर्मळकरांनी उत्तर टाळलं, तेही बरोबर नाही. तेराव्या शतकातला थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस, त्याला डोमिनिकन होऊ द्यायचं नाही म्हणून सख्ख्या भावांनी वाटेत पकडून वर्षभर घरच्या किल्ल्यात डांबलं होतं. त्यांना तो मोंते कासिनो या जुन्या, मानाच्या मठाचा मठाधिपती व्हायला हवा होता. एवढं सोसलेल्या माणसानेच पुढे लिहिलं की, आईवडिलांचं मुलाशिवाय खरोखरच भागत नसेल तर त्यांना टाकून संघात जाता येणार नाही. दुसरी सोय होत असेल तर जाता येतं. तेव्हा प्रश्न एवढाच, सोय होते की नाही?

निर्मळकर
मान्य. ते मी आधीच लिहायला हवं होतं. पण ती सोय मुलाने एकट्याने का शोधायची? मामा आहे, धर्मग्राम म्हणजे आपल्या चर्चचा समाज आहे.

वाडीवाला
मामा काय करतो ते मामाला माहीत आहे. डायलिसिसला गाडी माझीच जाते. ठीक आहे, "एका रात्रीत" हे शब्द मागे घेतो. बाकी पोस्ट मागे घेत नाही. भाच्याला सांगेन, शिबिराला जा, पण तिथल्या फादरांना घरची स्थिती आधी सगळी सांग. लपवून गेलास तर मीच जाऊन सांगेन.

आगाशीची लेक
आणि त्याआधी नाशिकला फोन करा. तिचं म्हणणं ऐका, मग इथे लिहा.