छायाचित्रणातून रहस्यमालिकांकडे: बी. पी. सिंग यांच्या वाटचालीविषयी

प्रश्न (सोलापूर): हुतात्मा स्मृती मंदिरात एकांकिका सादर करणाऱ्या आमच्या गटाला आता एक छोटी रहस्यमालिका चित्रित करायची आहे. ‘सीआयडी’चे निर्माते बी. पी. सिंग यांच्या कारकिर्दीतून नेमके काय अभ्यासावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १: सिंग हे मूळचे छायाचित्रकार, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले आणि पुढे दूरदर्शनवर काम केलेले आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. मुंबई पोलिसांच्या तपासावरील ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका त्यांनी केली. तिच्यातले शिवाजी साटम पुढे १९९८ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘सीआयडी’त एसीपी प्रद्युम्न झाले. २००४ मध्ये या मालिकेचा १११ मिनिटांचा भाग एकही कट न घेता चित्रित झाला. नाटकवाल्यांना तो जवळचा वाटेल, कारण त्यात नटांच्या हालचाली आणि कॅमेऱ्याची वाट आधीच पक्की बसवावी लागते.

उत्तर २: वरील मताशी मी अंशतः सहमत आहे. तो भाग तंत्र म्हणून थक्क करतो, परंतु मानसिक ताण कसा वाढवावा हे पाहायचे असेल तर त्यांचीच १९९५ ची ‘आहट’ ही भयमालिका अधिक उपयोगी ठरेल, असे मला वाटते, कारण ‘सीआयडी’त गुन्हेगाराच्या मनापेक्षा पुराव्यांच्या साखळीला (आणि दारे तोडण्याला!) महत्त्व अधिक आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमच्याकडे एकच कॅमेरा असल्याने दीर्घ दृश्यांच्या तालमीपासूनच सुरुवात करतो.