विषय: आई-बाबांना घेऊन कॅम्पिंग, सॅन डिएगोत जागा सुचवा

नमस्कार मंडळी,
आई-बाबा सप्टेंबरअखेर येतायत आणि यावेळी त्यांना एकदा तरी तंबूत झोपवायचं असं आम्ही ठरवलंय. सॅन एलिहो किंवा साउथ कार्ल्सबाड डोक्यात होतं, कड्यावर तंबू, सकाळी उठलं की समोर लाटा, पण ऑक्टोबरचे सगळे शनिवार गेलेत. कोणाला कॅन्सलेशन मिळालंय का कधी? बाबा 71 चे आहेत, गुडघे दुखतात. आणि हो, शेजाऱ्यांनी मोठं झाड पाडलंय, लाकडं फुकट देतायत, आम्ही शेकोटीला नेणारच आहोत, अजून कोणाला हवी असतील तर सांगा.
प्राची

---

प्राची, या दोन्ही स्टेट पार्कांचं बुकिंग 6 महिने आधी सकाळी 8 ला उघडतं आणि उन्हाळ्याचे वीकेंड बघता बघता संपतात. कॅन्सलेशन मिळतात पण रविवार ते गुरुवार बघ, शनिवारचा हट्ट सोड. सॅन एलिहोला हायवे आणि त्यापलीकडे रेल्वे लाइन आहे, रात्री गाडी गेली की जाग येते. बीचवर उतरायला जिने आहेत, बाबांचं बघा.
अमित

---

प्राची,
आधी लाकडांचं लिहितो, जागेचं नंतर, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे.

झाड ओकचं असेल तर कृपा करून ती लाकडं कुठेही नेऊ नका. आपल्या सॅन डिएगो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ओकना एक भुंगा लागलाय, इंचाच्या निम्म्याहूनही लहान, पाठीवर 6 सोनेरी ठिपके. मूळचा ॲरिझोनाकडचा, इथे बहुतेक जळणाच्या लाकडातूनच आला. डोंगरातले ओक का मरतायत ते 2008 मध्ये कळलं, तोपर्यंत त्याने चांगलाच जम बसवला होता, आणि तेव्हापासून हजारो झाडं गेलीत, तीही कोवळी नाही, जुनी, दोघांच्या कवेत न मावणारी. अळी सालीखाली पोखरते आणि झाडाचं अन्नपाणी तोडते. झाड पाडलं तरी सालीखालची अळी मरत नाही, उन्हाळ्यात भुंगा होऊन बाहेर पडते, मग लाकूड जिथे नेलं असेल तिथली झाडं तिच्या तावडीत.

हे मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आम्हीही ओळखीच्यांकडची लाकडं गाडीत टाकून विल्यम हाइज या काउंटीच्या पार्कात गेलो होतो. रेंजर आला, त्याने एक ओंडका हातात घेऊन साल फिरवून दाखवली, बारीक भोकं होती, गोल नाही, इंग्रजी डी अक्षरासारखी, एक बाजू सपाट. मग मान वर करून आमच्याच तंबूवरचा ओक दाखवला. तो हिरवागार होता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. लाकडं तिथेच, पार्कात किंवा जवळच्या दुकानात विकत घ्यायची, उरली तर तिथेच सोडायची, घरी आणायची नाहीत.

आता जागा. काउंटीच्या पार्कांकडे आपली मंडळी बघतच नाहीत, का ते कळत नाही. समुद्राच्या जवळ हवं तर ओशनसाइडचं ग्वाहोमे, तळं आहे, बीच गाडीने जवळ. रमोनाचं डॉस पिकोस ओकच्या सावलीत आहे. पण तुमच्यासाठी मी हाइजच म्हणेन, ज्युलियनजवळ, 4,200 फुटांवर, आणि तिथे लाकडी केबिन आहेत, आत पलंग, म्हणजे बाबांना जमिनीवरून उठायला नको. अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं, ऑक्टोबरात रात्री चांगली थंडी पडते, कानटोपी विसरू नका. सफरचंदांचा सीझनही तेव्हाच. फक्त निघायच्या आदल्या दिवशी फोन करून शेकोटीला परवानगी आहे का विचारा, सांता ॲना, म्हणजे इथले कोरडे जोराचे वारे, सुटले की बंदी येते, म्हणून गॅसची शेगडी आणि पिठल्याचं सामान बरोबर असू द्या.

दुसऱ्या दिवशी हायवे 79 ने खाली क्वियामाका पार्कला जा. 2003 च्या सीडर फायर नावाच्या वणव्यात तिथलं जवळजवळ सगळं जंगल जळलं, पाइन गेले ते गेलेच, पण कितीतरी ओक बुंध्यातून परत फुटले. आगीतून वाचलेल्या झाडांना आता हा भुंगा खातोय, म्हणून मला इतकं लागतं. तिथे खडकात इथल्या मूळच्या कुमेयाय लोकांनी ओकची फळं कुटायला केलेले खळगे आहेत. माझ्या आईने एका खळग्यात हात घातला, कोपरापर्यंत गेला, आतून गुळगुळीत. म्हणाली, "अरे हे तर आपलं उखळ, किती पिढ्या बायका इथे बसल्या असतील." नंतर बराच वेळ ती तिथेच बसून होती, उठवायला गेलो तर थांब म्हणाली.

रात्री 10 नंतर शांतता पाळायची असते, अंताक्षरी त्याआधी. आणि खाणं गाडीत बंद करून ठेवा, रॅकून डबे उघडतात.
शिरीष

---

शिरीष दादा,
शेजाऱ्यांना विचारून आले. ओकच आहे. अंगणात जाऊन साल बघितली, तीन ठिकाणी ती सपाट बाजूची भोकं दिसली, फोटो काढून त्यांनाही दाखवले. लाकडं हलवणार नाही म्हणाले, काउंटीला फोन करून पुढे काय करायचं ते विचारतायत. हाइजची केबिन मंगळवार-बुधवारची मिळाली! आईला फोनवर उखळांचं सांगितलं तर ती विचारतेय तिथपर्यंत किती चालावं लागतं, बाबा काठी घेऊन येतील.
प्राची