मदत हवी आहे: वर्षावनात काम करायचंय, पण पदरचे पैसे भरून?

नमस्कार मंडळी. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झालंय आणि वर्षावन संवर्धनात फील्डवर्क करायचं मनात आहे. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरच्या प्लॉटमध्ये १ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड प्रत्येक खोड क्रमांक देऊन मोजतात, तसलं काम. जमिनीपासून १.३ मीटरवर टेप गुंडाळायचा. तिथे आधारमुळं (बुंध्याशी फळ्यांसारखी पसरलेली मुळं) आडवी आली, तर शिडी लावून त्यांच्या वर. लोकांना कंटाळवाणं वाटतं, मला आवडतं!

अडचण अशी, की एका संस्थेने स्वयंसेवक म्हणून घेतलं, पण राहण्या-जेवणाचे पैसे मीच भरायचे. त्यांच्या माहितीपत्रकात माकडाची पिल्लं कडेवर घेतलेले फोटो. ते बघूनच शंका आली: संवर्धन करणारे वन्यप्राण्यांना असं हाताळतात का? नेमकं काम काय, विचारलं तर उत्तर गोलमोल.

कोस्टा रिकातल्या ला सेल्वा किंवा बोर्निओतल्या डानम व्हॅली या वर्षावन संशोधन केंद्रांवर कोणी राहून आलंय का? संशोधकांना थेट ईमेल केला तर फील्ड असिस्टंटचं काम मिळतं का? पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालते, की वेगळा परवाना काढावा लागतो? आणि हो, जळवांवर उपाय सांगा. थट्टा नाही, खरंच विचारतेय.