तारे भावाच्या नावावर: घरच्या फोनवर मुली वाचतच नाहीत, काय करू?

पाटोद्याची बाई
नमस्कार. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. दोनशिक्षकी शाळा, चौथीपर्यंत, पट २३. जूनमध्ये जमेल तेवढ्या पालकांच्या फोनवर गुगलचं 'रीड अलाँग' हे वाचनाचं ॲप टाकून दिलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी: पडद्यावर गोष्ट येते, लेकरानं ती मोठ्यानं वाचायची. ॲपमधली दिया नावाची चित्रातली मुलगी ऐकते, अडलं तर सांगते, नीट वाचलं की तारे देते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही.

दर सोमवारी तारे विचारायचे असा नेम ठेवला. चौथीतली एक मुलगी, वर्गात सगळ्यात सुरेख वाचणारी, ऑगस्ट संपला तरी अकरावरच. तिचा दुसरीतला भाऊ, ज्याला जोडाक्षर दिसलं की घाम फुटतो, तो दोनशेच्या वर. मला वाटलं, फोनच बिघडलाय.

एका संध्याकाळी घरी गेले. साडेसातला वडील आले, फोन खिशातून थेट पोराच्या हातात. पोरगी चुलीपुढे भाकरी थापत होती. पोरगं फोन घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसलं, पडदा तिच्यापुढे धरला आणि ही भाकरी थापता थापता खणखणीत आवाजात वाचायला लागली. ते नुसतं बोटानं पान पुढे सरकवत होतं. आवाज तिचा, खातं त्याचं. नंतर तिची पाळी आली तेव्हा मोजून दहा मिनिटं, फोन चार्जिंगला लावायच्या आधी. तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून कुजबुजायला लागली. दियाला काय कप्पाळ ऐकू जाणार? "मोठ्यानं वाच की गं," म्हटलं, तर गप्प. आजीच बोलली, "बाई, पोरीच्या जातीनं रातच्याला फोनवर मोठ्यानं बोलल्यावर शेजारी इचारतील ना, कुणासंगं बोलती म्हणून."

दहा वर्षांची आहे हो ती.

भावाला शिकवताना हाच आवाज चालतो. तेव्हा शेजारच्यांना काही वाटत नाही.

दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतील. फोन आईबापाबरोबर जाईल, मागे राहील आजी आणि तिचा डबा फोन. त्याआधी काही करता येईल का? 'पालकांचं प्रबोधन करा' हे सोडून सांगा, तीन पालक सभा घेऊन झाल्यात. तिन्ही वेळा चहा मीच पाजला.

तीन लेकरांची आई
मॅडम, आजींवर रागावू नका. आमच्याकडे सासूबाई अस्संच म्हणायच्या. भीती त्यांना नातीची वाटत नाही, गावाच्या तोंडाची वाटते, आणि गावाचं तोंड काय असतं ते त्यांनी भोगलेलं असतं.

मी एक केलं होतं, बघा पटतंय का. मोठीच्या वहीत बाईंकडूनच लिहून आणलं, 'रोज आईला एक गोष्ट वाचून दाखवणे'. सही बाईंची. मग तो अभ्यास झाला, शिवाय आईचं कामही झालं. पोरगी अंगणात बसून वाचायची, मी शेंगा फोडायचे. स्वतःसाठी काही करतेय म्हटलं की नजरेत येतं, दुसऱ्यासाठी करतेय म्हटलं की कोणी बघतसुद्धा नाही. वाईट आहे, पण आहे. तुमच्याकडे माता पालक गट असेलच. त्या गटाची पुढारी, म्हणजे लीडर माता, तिचा फोन दुपारी तासभर मोकळा असतो का विचारा. आणि पोरीचे तारे तिच्या खात्यावर पडतात का ते स्वतः बघा, पोरं डांबिस असतात.

आकडेमोड
'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची मुलं आहेत. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यातल्या ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन आहे, मुलींमध्ये २६.९ टक्के. तुमची मुलगी दहाचीच आहे, म्हणजे या फरकाची वाट इथूनच सुरू होते.

दुसरं म्हणजे, भारतातल्या खेड्यांतल्या मुलांसाठी मोबाइलवर इंग्रजी शिकवणारे खेळ बनवणाऱ्या एका संशोधक गटानं आधी गावातले २८ पारंपरिक खेळ अभ्यासले होते. ते वाचल्यापासून मला वाटतं, आपण फोन एकेकट्याच्या हातात देतो तिथंच घोळ होतो. सागरगोटे मुली कधी कोपऱ्यात एकट्या खेळतात का? चौघी रिंगण करून बसतात, चारचौघांदेखत. चार मुली, एक फोन, पाळीपाळीनं मोठ्यानं वाचन, असं करून बघा. घोळक्याला कोणी 'कुणाशी बोलतेस' विचारत नाही.

पाटोद्याची बाई
ताई, सर, दोघांचं एकत्र केलं. लीडर मातेचा फोन, दुपारी अडीच ते साडेतीन, मारुतीच्या पाराला. पहिल्या दिवशी सात मुली आल्या. आवाज असा की पाराखाली झोपलेले म्हातारबा उठून निघून गेले. दिया एकीचं ऐकताना दुसरीच मध्ये शब्द सांगते, त्यामुळे तारे कोणाचे हा घोळ आहेच, पण कुजबुज बंद झाली.

माळावरचा
बाई, अभिनंदन. एकच विचारतो, राग मानू नका. त्या सातांत आमच्या वस्तीकडच्या किती होत्या? मी अशाच गावात वाढलो. पाराला 'या' म्हणणारं कोणी नव्हतं आणि 'येऊ नका' म्हणणारंही कोणी नव्हतं. आम्ही आपले लांबून बघायचो.

पाटोद्याची बाई
एकही नव्हती. पटावर पाच आहेत. तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही, हे लिहितानाच लाज वाटतेय.

कालपासून शाळेच्या व्हरांड्यात बसवते. लीडर माता म्हणाली, एवढ्या लांब कोण फोन घेऊन येणार, म्हणून माझाच देते. त्या तासात कोणाचा फोन आला तर मुलीच उचलतात आणि "बाई वाचायला बसल्यात" म्हणून ठेवून देतात. पाचांपैकी तिघी आल्या. चौथीतली ती रोज येते, भावाला बरोबर घेऊनच येते, नाहीतर आजी सोडत नाही. त्याला मी फळा पुसायला लावलंय.